‘स्टार्व्ह’ : भुकेआधी मरण

‘आय अ‍ॅम स्टार्व्हिंग’ हे वाक्य आता आपल्या घराघरांत पोहोचलंय. डबा उघडायला उशीर झाला की पोरं म्हणतात. आपण मराठीत म्हणतो, पोटात कावळे ओरडतायत. दोन्हींत अतिशयोक्ती आहे. पण इंग्रजी शब्दाच्या पोटात कावळे नाहीत, मयत आहे.

जुन्या इंग्रजीत ‘स्टार्व्ह’चा अर्थ नुसता मरणं असा होता. कशानंही. त्याचा जर्मन भाऊ ‘श्टेर्बेन’ आजही तेवढंच सांगतो. पुढे इंग्रजीत मरण्यासाठी ‘डाय’ रुळला आणि या जुन्या शब्दाच्या वाट्याला मरणाचा एक कोपरा आला, भुकेचा. उत्तर इंग्लंडच्या बोलीत आणखी एक कोपरा शिल्लक राहिला : थंडीनं काकडलेला माणूसही तिथे ‘स्टार्व्ड’ असतो. गरिबाला मारणाऱ्या या दोन जुन्या गोष्टी. शब्दानं त्याच नेमक्या धरून ठेवाव्यात, याचं मला नवल वाटतं.

आमच्या उर्दूत ‘भूकों मरना’ म्हणतात, म्हणजे भूक आणि मरण तिथेही शेजारीच. अरबीतून आलेला ‘फ़ाक़ा’ मराठीत ‘फाके’ होऊन बसला. पण रोजा म्हणजे फाका नव्हे. एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं, रमजानमध्ये आम्ही ‘स्टार्व्ह’ करतो. मी ते खोडून ‘फास्ट’ लिहिलं. तिला म्हटलं, बेटा, मगरिबला दस्तरखान अंथरलेलं असणार हे तुला सकाळीच ठाऊक असतं. ज्याला ते ठाऊक नसतं, त्याच्यासाठी दुसरा शब्द आहे. मराठीत हाच फरक उपास आणि उपासमार यांत आहे.

व्याकरण शिकवताना मात्र मी या क्रियापदावर जरा जास्त रेंगाळतो. ते अकर्मक आहे, तसंच सकर्मकही. माणूस ‘स्टार्व्ह’ होतो आणि माणूस माणसाला ‘स्टार्व्ह’ करतोही. आपल्याकडे उपाशी राहणं आणि उपाशी ठेवणं अशी दोन वेगळी क्रियापदं लागतात; इंग्रजीत एकच. त्यामुळे कर्ता अलगद गाळता येतो. मराठीही फार मागे नाही म्हणा. उपासमार ‘होते’. ती कुणी ‘केली’ असं वाक्य वर्तमानपत्रात क्वचितच दिसतं.

बंगालचं उदाहरण घ्या. 1942 साली जपानी सैन्य येईल या भीतीनं सरकारनं किनारी भागातल्या नावा ताब्यात घेतल्या किंवा मोडल्या. मासेमारी आणि भाताची वाहतूक दोन्ही कोलमडली. युद्धामुळे तांदळाचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. अमर्त्य सेन यांनी 1981च्या पुस्तकात दाखवलं की 1943मध्ये तिथे धान्य होतं, 1941पेक्षा जास्तच. विकत घ्यायची ऐपत नव्हती. मेलेल्यांचा अंदाज तीस लाखांपर्यंत जातो. दुष्काळात सरकारनं काय करायचं याचे नियम, ‘फॅमिन कोड’, तेव्हा कित्येक दशकं तयार होते. दुष्काळ जाहीर केला की मदतीची कामं काढावी लागतात, अन्न पुरवावं लागतं. बंगाल सरकारनं शेवटपर्यंत दुष्काळ जाहीरच केला नाही.