आडत कोण देतंय?

काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या ऑफिसात क्लायंटकडचा एक कोरियन माणूस सहा महिने येऊन बसला होता. स्वभावाने एकदम भला, पण शुक्रवार संध्याकाळ झाली की गप्प व्हायचा. एकदा चहा पिताना कळलं की बायको आणि दोन्ही मुलं न्यूझीलंडला असतात, मुलांचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून. हा इकडे कमवतो आणि तिकडे पाठवतो. त्यांच्याकडे अशा बापांना चक्क एक नाव आहे, 'गिरोगी आप्पा'. गिरोगी म्हणजे स्थलांतर करणारा रानहंस, आणि आप्पा म्हणजे बाप. मी पडलो खानदेशी. आमच्याकडे अर्ध्या गावाचे बाप आप्पाच असतात! हे सांगितल्यावर गडी पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

त्याच्याकडूनच मला सोलच्या शिक्षणमेळ्यांची गोष्ट कळली. कोएक्स नावाचं तिथे एक अवाढव्य प्रदर्शन केंद्र आहे. तिथे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या कॉलेजांचे स्टॉल लागायचे आणि आईबाप मुलांना घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे. मधे 'यूहाकवॉन', म्हणजे परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीज. २००८-०९ साली एकट्या अमेरिकेत ७५,०६५ कोरियन विद्यार्थी होते. देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, हे लक्षात घ्या. मग तिथे मुलंच जन्माला येईनाशी झाली (२०२३ मध्ये जननदर ०.७२ वर आला होता) आणि २०२३-२४ मध्ये तो आकडा ४३,१४९ वर उतरला. त्याच वर्षी भारताचे किती? ३,३१,६०२. चीनलाही मागे टाकून पहिला नंबर. गंमत म्हणजे कोरियाने स्वतःच २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२७ पर्यंत आम्हाला तीन लाख परदेशी विद्यार्थी हवेत. म्हणजे ज्यांच्या दारात मेळे भरायचे, तेच आता गिऱ्हाईक शोधायला निघालेत.

जिकडे पोरं तिकडे मेळा. आणि पोरं आता आमच्याकडे आहेत.

आमच्याकडे म्हणजे थेट शहाद्यात नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघाला. २०११ च्या जनगणनेत ६४ टक्के साक्षरता, राज्यात शेवटचा नंबर. तिथे हॉटेलात स्टॉल लावायला कोण येणार? आमच्यासाठी मेळा म्हणजे सुरत. पुण्यापेक्षा सुरत जवळ.

तर झालं असं, की गेल्या वर्षी मामाचा फोन आला. मामाची मुलगी धुळ्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून घरी बसलेली. सुरतच्या कुठल्याशा मेळ्याचा मेसेज तिच्या मोबाईलवर आला होता. प्रवेश मोफत, समुपदेशन मोफत, जागच्या जागी ऑफर लेटर. मामा म्हणाला, "तू कॉम्प्युटरवाला, तू सोबत चल." मागून मामीचा आवाज येत होता, "पोर तठे एकली कशी राही?" सुरतेबद्दल नव्हे, इंग्लंडबद्दल. माझी मामी नेहमी दोन स्टेशनं पुढचा विचार करते.

नंदुरबारहून गाडी पकडली. नवापूरला मामाने सवयीने ते सुप्रसिद्ध बाकडं दाखवलं, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. पुढे उकाई सोनगड लागतं. सोनगड ही गायकवाडांची पहिली राजधानी. याच घराण्यातल्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं होतं. मी हे बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दादा, तेव्हा मेळा नव्हता ना?" नव्हता बाई.

हॉटेलचा हॉल गच्च भरलेला. तीस-पस्तीस टेबलं, प्रत्येकामागे बर्फाळ डोंगराचा नाहीतर हिरवळीवर हसणाऱ्या मुलामुलींचा बोर्ड, हातात कापडी पिशवी आणि ब्रोशर. पहिली काही टेबलं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की प्रश्न सगळीकडे एकाच क्रमाने येतात. नाव, मार्क, आणि तिसरा प्रश्न "बजेट काय?" पाचवा-सहावा प्रश्न "प्रॉपर्टी कुणाच्या नावावर?" तिला काय शिकायचंय हे विचारणारा एकच भेटला, आणि तोसुद्धा ब्रोशरमधल्या यादीतून निवड म्हणाला. एका टेबलावर तर चाळीस मिनिटांत इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर तयार. बहीण खुलली. फी साधारण पंधरा हजार पौंड. कर्जासाठी मामाची सहा एकर, पपई लावलेली, तारण ठेवायची असं त्या समुपदेशकाने फार गोड शब्दांत समजावलं.

मी सरळ विचारलं, "तुमची फी काय?"

"सर, स्टुडंटसाठी पूर्णपणे फ्री."

"मग तुमचा पगार कोण देतं?"

तो हसला. मग फॉर्मवर काहीतरी लिहायला लागला.

हे गणित काही गुपित नाही, फक्त टेबलावर कुणी मांडत नाही. विद्यार्थी दाखल झाला की विद्यापीठ एजंटला कमिशन देतं, पहिल्या वर्षाच्या फीच्या साधारण १० ते २० टक्के. १५ टक्के धरा, पंधरा हजारांवर २,२५० पौंड होतात. अडीच लाख रुपयांच्या आसपास. अमेरिकेत तर अजून मजा. सरकारी आर्थिक मदतीत सहभागी असलेल्या कॉलेजांना देशी विद्यार्थी आणण्यासाठी असं कमिशन द्यायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, कारण त्यात पोरांची फसवणूक व्हायची. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र ती बंदी लागू नाही. म्हणजे धोका त्यांना कळलेला आहे, फक्त आपल्या पोरांपुरता!

हॉटेलबाहेर चहाच्या टपरीवर मी हे मामाला समजावत होतो. कमिशन, रेव्हेन्यू, इन्सेंटिव्ह असे माझे शब्द चालू होते. मामाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मंग हाऊ तर आडत्या शे!"

बरोबर. माझं दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन त्याने एका वाक्यात संपवलं. बाजार समितीत आयुष्य गेलेला माणूस. फळ-भाजीपाल्याची आडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे, २०१६ पासून ती राज्यात खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. मामाचं म्हणणं असं की आडत्या वाईट नसतो. त्याच्याशिवाय माल विकत नाही, नवख्याला तर बाजाराचा रस्ताही माहीत नसतो. पण आडत कुणाकडून मिळते आणि किती, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा सल्ला ऐकायचा नाही. मला यात आमच्या बहिणीपुरती एकच भर घालावीशी वाटली, की इथे पपईचं क्रेट आपणच आहोत. ती म्हणाली, "दादा, जरा चांगली उपमा दे ना."

मग आम्ही परत आत गेलो. आता मामा पुढे. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, "या कॉलेजाकडून तुम्हाला किती मिळतं, आणि ज्यांच्याकडून काहीच मिळत नाही अशी दोन नावं सांगा." बहुतेकांनी विषय बदलला. एक तरुण मुलगी मात्र खालच्या आवाजात म्हणाली, "काका, तशी कॉलेजं इथे नसतात."

तिच्या त्या वाक्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल झाले. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात परदेशी मुलांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात). फी नाही म्हणून टक्केवारी नाही, टक्केवारी नाही म्हणून त्या हॉलमध्ये त्यांचं टेबलही नव्हतं.

शिष्यवृत्त्यांचंही तेच. मामाच्या शेतावर पूर्वी कामाला येणाऱ्या धडगावकडच्या एका पावरा कुटुंबातला मुलगा आश्रमशाळेत शिकून एम.एस्सी.पर्यंत पोचलाय. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, पन्नासच्या दशकापासून चालू. फी, राहण्याखाण्याचा खर्च, विमानभाडं, सगळं. देशभरात वर्षाला जागा फक्त २०, त्यातल्या ३ अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी. उरल्या १७, आणि देशात आदिवासी दहा कोटींच्या वर. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची आणखी एक योजना आहे, पण तिथे विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरच्या नंबरांत लागतं, आणि असली विद्यापीठं गिऱ्हाईक शोधायला सुरतेला येत नाहीत. या मुलाला या दोन्हींबद्दल काहीच माहीत नव्हतं. जिल्ह्यात दर दहामागे जवळपास सात माणसं आदिवासी, आणि ज्या पोराचा सगळा खर्च सरकार द्यायला तयार आहे त्याच्या मोबाईलवर कुणाचा मेसेज नाही. त्याच्याकडे तारण ठेवायला सहा एकर नाहीत ना!

त्याला मी दोन रविवार व्हिडिओ कॉलवर घेऊन बसलो. शिफारसपत्रं, संशोधनाचा आराखडा, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला. आराखडा त्याने ज्वारीवर लिहिलाय, सातपुड्यातल्या देशी वाणांवर, आणि मला त्यातलं निम्मं कळलं नाही यावरून तो चांगला असावा. सतरांत लागेल का? माहीत नाही. अर्ज गेलाय.

बहिणीचं सुरतेचं ऑफर लेटर कपाटात आहे. ती आता पुण्यात माझ्याकडे राहून जर्मन शिकते. सकाळी सात वाजता बाथरूममधून डेर-डी-दास ऐकू येतं, माझ्या बायकोलाही पाठ झालंय. हाही मार्ग काही सोपा नाही. कागदपत्रं तपासून घ्यायची, आणि वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात अडकवून ठेवायचे. अकरा-बारा लाख होतात. ते तिथे गेल्यावर तिलाच महिन्या-महिन्याने परत मिळतात. पपईला यंदा बरा भाव मिळाला तर बरंचसं निघेल, उरलेल्यासाठी दोन एकर तारण. सहा नाहीत.

परवा मामाचा फोन आला. मी म्हटलं, व्हिसाबद्दल काहीतरी असेल. तर म्हणतो, "ते अडकवून ठेवायचे पैसे... त्याच्यावर व्याज कोण खातं रे?"

विचारून सांगतो म्हटलं.