तिकीट नसलेली रंगभूमी : धडगाव ते काठी
लेखांक पहिला

पूर्वतयारी

उन्हाळी नाट्यमहोत्सव म्हटले की फ्रान्समधील आविन्यों आणि स्कॉटलंडमधील एडिंबरा ही नावे प्रथम घेतली जातात. हे दोन्ही महोत्सव १९४७ मध्ये, महायुद्धाने खचलेल्या युरोपात सुरू झाले, आणि महोत्सवाच्या दिवसांत शहरातील चौक, अंगणे व जुन्या इमारती रंगमंच होतात. मराठी मुलखात उन्हाची चाहूल लागताच भरणाऱ्या नाट्योत्सवांची परंपरा मात्र शहरांपेक्षा डोंगरांत अधिक जुनी आहे. मोखाडा-जव्हारकडे देवदेवतांचे मुखवटे लावून रात्रभर नाचवला जाणारा बोहाडा हे तिचे एक रूप, तर नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास रंगणारी होळी हे दुसरे. या होळीत वेश, रंगभूषा, ठरलेल्या भूमिका, वाद्ये आणि प्रेक्षक हे नाटकाचे सारे घटक असतात. नसतात ते तिकीट, पडदा आणि राखीव आसन.

प्रस्तुत दैनंदिनी नाशिकहून या होळीसाठी निघालेल्या एका मध्यमवर्गीय दाम्पत्याच्या बेताची आहे. २०२४ मध्ये होळी रविवारी, २४ मार्चला आली आणि धूलिवंदनाची सुटी सोमवारी पडली, त्यामुळे शनिवार-रविवारला एक दिवस जोडून, नोकरीतील रजा फारशी न मोडता हा प्रवास बसवणे शक्य झाले. अंदाजपत्रकाची मांडणी प्रवास, मुक्काम, जेवण आणि देणे अशा चार रकान्यांत करण्यात आली. त्यांपैकी चौथा रकाना सामान्य सहलींच्या हिशेबात आढळत नाही. तो येथे का लागतो, हे पुढील नोंदींतून स्पष्ट होईल.

शुक्रवार, २२ मार्च : नाशिक ते शहादा

धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असून तेथे रेल्वे जात नाही. जवळचे मोठे स्थानक म्हणजे सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबार, पण नाशिककरांना ते वळसा घालून गाठावे लागते. म्हणून धुळे, दोंडाईचा, शहादा असा एस.टी.चा मार्ग निवडला गेला. राज्य परिवहन महामंडळाने मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत दिल्याने पती-पत्नीचा प्रवास दोन नव्हे तर दीड तिकिटात होतो, आणि काटकसरीच्या बेताचा पाया नेमका याच अर्ध्या तिकिटावर उभा राहतो. चार दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास पतीसाठी घ्यावा काय, याचाही विचार झाला. परंतु सातपुड्याच्या शेवटच्या टप्प्यात एस.टी.पेक्षा काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांवर अधिक भिस्त असते आणि तेथे पास चालत नाही, त्यामुळे सुटी तिकिटेच सोयीची ठरली.

पहिला मुक्काम शहाद्यात ठेवण्यामागे दोन कारणे होती. एक म्हणजे, घाटरस्ता रात्री पार करणे टळते. दुसरे म्हणजे, शहादा ही तापीकाठच्या सपाटीवरील मोठी बाजारपेठ असल्याने साध्या लॉजमध्ये खोली मिळते, आणि दशम्या, चटणी, फुटाणे, पाण्याच्या बाटल्या, विजेरी व औषधे ही शिदोरी येथेच पुरी करता येते. होळीच्या रात्री डोंगरात खाणावळ शोधण्याची वेळ येऊ नये, हा जेवणाच्या रकान्याचा मुख्य नियम होता.

शनिवार, २३ मार्च : शहादा ते धडगाव

शहादा सोडल्यावर ऊस, केळी आणि कापसाचे सपाट शिवार हळूहळू मागे पडते आणि सातपुड्याची चढण सुरू होते. मार्चअखेर पळस लाल फुलांनी भरलेला असतो, मोहाची फुले पहाटे झाडाखाली सांडू लागतात आणि ती वेचणाऱ्या बायका-मुलांच्या टोपल्या रस्त्याकडेला दिसतात. तळोद्याकडून येणारा चांदसैली घाटाचा दुसरा रस्ताही धडगावला पोहोचतो. तो अधिक वळणांचा असून पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडण्याची भीती असते, तरी उन्हाळ्यात त्याचा पर्याय खुला राहतो.

उदई नदीच्या काठी वसलेल्या धडगावात त्या दिवशी होळीची खरेदी चालू होती. होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात जे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या म्हणतात. मध्य प्रदेशाच्या बाजूला हाच बाजार भगोरिया या नावाने ओळखला जातो. बाहेरच्या लेखनात त्याचे वर्णन तरुण-तरुणींनी जोडीदार निवडण्याचा मेळावा असे वारंवार केले जाते, आणि या वर्णनाला आदिवासी समाजातील अनेक जाणत्यांनी जाहीर आक्षेप घेतला आहे. बाजाराचे मुख्य प्रयोजन होळीच्या पूजेला व पाहुण्यांना लागणारा जिन्नस घेणे हे आहे: गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन, घुंगरू, आरसे, नवे कपडे. ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली कुटुंबे होळीसाठी आवर्जून गावी परततात, आणि महिनोन्‌महिने न भेटलेले सोयरे या बाजारात प्रथम भेटतात. ज्या समाजात होळीचे स्थान दिवाळीहून वरचे आहे, तेथे हा बाजार उत्सवाचाच पहिला प्रवेश ठरतो. रसिक दाम्पत्याने तो केवळ पाहावा असे नाही; गूळ-डाळ्यांची खरेदी येथूनच करावी, कारण पुढे ज्या घरी पाणी प्यायचे त्या घरी रिकाम्या हाताने जाणे शोभत नाही. चौथ्या रकान्यातील पहिली नोंद ही अशी पडली.

धडगावात लॉज मोजके आहेत, तेव्हा मुक्कामाची चौकशी आधी दूरध्वनीवरून करून ठेवणे आवश्यक असते. जेवणात ज्वारी-मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि लाल मिरचीचा ठेचा मिळाला. स्वस्त आणि पोटभर अशा या जेवणाबरोबर तालुक्याच्या अर्थव्यवहाराचीही ओळख होते, कारण होळीनंतरच्या आठवड्यांत याच परिसरातील अंगणांत कैऱ्यांच्या फोडी वाळत पडतात आणि धडगावचे आमचूर दूरच्या बाजारांत जाते.

रविवार, २४ मार्च : धडगाव ते काठी

दुपारी धडगावहून मोलगीकडे आणि तेथून काठीकडे जाणारी जीप सामाईक भाड्याने मिळाली. काठी हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव पूर्वी छोट्या संस्थानाचे ठाणे होते, म्हणून तेथील होळीला राजवाडी होळी म्हणतात, ती इ.स. १२४६ पासून चालत आल्याचे मानले जाते.

या होळीचा मध्यबिंदू म्हणजे दांडा, अर्थात जंगलातून निवडून आणलेला अतिशय उंच बांबू. त्याची उंची ७० फुटांच्या आसपास सांगितली जाते. तो रोवण्याचा खड्डा अवजाराविना, हातांनी खणण्याची प्रथा आहे. येथे नाट्यशास्त्राच्या अभ्यासकाला एक साम्य जाणवल्यावाचून राहत नाही. भरताच्या ग्रंथात पहिला नाट्यप्रयोग इंद्राच्या ध्वजोत्सवात झाल्याचे सांगितले आहे आणि पूर्वरंगात, म्हणजे प्रयोगापूर्वीच्या विधींत, जर्जर नावाच्या वेळूच्या दंडाची पूजा विहित आहे, कारण त्या दंडाने नाट्यातील विघ्ने दूर झाली अशी कथा तेथे येते. काठीचा दांडा त्या ग्रंथातून आला असे म्हणण्यास आधार नाही आणि तशी गरजही नाही. परंतु खेळ सुरू होण्यापूर्वी बांबू उभारून भूमी पवित्र करावी, ही कल्पना भारतीय रंगभूमीच्या मुळाशी किती खोल आहे, हे दोन्हींकडे एकत्र पाहिल्यावर उमगते.

अंधार पडताच वेगवेगळ्या गावांचे गट, ज्यांना गेर म्हणतात, मोठे ढोल वाजवीत डोंगरउतारांवरून येऊ लागले. त्यांतील बुध्या हा प्रमुख वेषधारी अंगावर पांढऱ्या रंगाचे ठिपके व रेषा काढतो, कमरेला वाळलेले दुधी भोपळे व घुंगरू बांधतो आणि डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप धारण करतो. त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर भोपळे व घुंगरू एकमेकांवर आदळतात आणि नर्तकाचे शरीरच वाद्य बनते. बावा हा राख फासलेला वेषधारी, तर काली ही पुरुषाने वठवलेली स्त्रीभूमिका असते. या भूमिकांना संवाद नसतात. चाल, ताल, रंग आणि समूहाची वर्तुळाकार गती यांतूनच त्या उभ्या राहतात.

या नटाचे वेगळेपण त्याच्या तयारीत आहे. बुध्या होणे हा बहुधा नवसाचा भाग असतो आणि त्यासाठी होळीपूर्वी काही दिवस पालनी पाळावी लागते. पालनी म्हणजे व्रतस्थ वागणे: खाटेवर न झोपणे, ब्रह्मचर्य राखणे, स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे. शहरी रंगभूमीवर नट तालमीने भूमिकेत शिरतो, येथे तो संयमाने शिरतो, आणि व्रत पूर्ण झाल्यावरच सामान्य जीवनात परततो.

यावरून प्रेक्षकाच्या वर्तनाचे नियमही ठरतात. विजेरीचा किंवा मोबाईलचा प्रखर झोत नर्तकाच्या तोंडावर टाकू नये, छायाचित्रापूर्वी संमती घ्यावी, व्रतस्थ माणसाच्या अंगाला हात लावू नये आणि वर्तुळ मोडून मध्ये घुसू नये. वेषधारी फाग मागतात, म्हणजे होळीची ओवाळणी मागतात, तेव्हा ती आनंदाने द्यावी. ही भीक नसून खेळाशी प्रेक्षकाचा जोडला जाणारा धागा आहे. त्यासाठी सुट्या नोटा वेगळ्या ठेवणे ही अंदाजपत्रकातील सर्वांत महत्त्वाची तरतूद ठरली.

मुक्कामाच्या रकान्यात या रात्रीचा खर्च शून्य आहे, कारण होळी पेटते ती पहाटे आणि तोवर कोणी झोपत नाही. दाम्पत्याने आणलेली चादर चांदण्यात उघड्या माळावर अंथरली गेली, दशम्या शेजारच्या कुटुंबाबरोबर वाटून खाल्ल्या गेल्या आणि पौर्णिमेच्या उजेडात ढोलांचा ठेका पहाटेपर्यंत थांबला नाही.

सोमवार, २५ मार्च : काठी ते नंदुरबार

पहाटे पूजा होऊन होळी पेटली, उंच दांडा जळत खाली आला आणि जमावात मोठा जल्लोष झाला. परतीसाठी त्याच रस्त्याने धडगावला न जाता मोलगीहून देवगोई घाटाने अक्कलकुव्याला उतरणे निवडले गेले. त्यामुळे प्रवासाचे वर्तुळ पूर्ण होते, सातपुड्याचा दुसरा उतार पाहता येतो आणि नंदुरबारचे रेल्वेस्थानक गाठता येते; मात्र रात्रभराच्या जागरणानंतर घाटात स्वतःचे वाहन चालवणे धोक्याचे असल्याने सार्वजनिक वाहनच योग्य.

हिशेब मिटवताना दिसून आले की प्रवास, मुक्काम आणि जेवण या तिन्ही रकान्यांत मिळून झालेला खर्च एखाद्या पर्यटनस्थळी घालवलेल्या सुटीच्या मानाने बराच कमी होता. हा स्वस्तपणा दाम्पत्याच्या चातुर्यामुळे आला असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. मैदान गावाने मोकळे ठेवले होते, नर्तकांनी दिवसेंदिवस व्रत पाळले होते, ढोल वाजवणारे हात मजुरी सोडून आले होते आणि पाण्याचा तांब्या अनोळखी घराने पुढे केला होता. तिकीट नाही याचा अर्थ मोल नाही असा होत नाही. ते मोल गावाने भरलेले असते. म्हणून अशा सहलीत वाचलेला प्रत्येक रुपया जमेत धरण्याऐवजी त्यातील वाटा बाजारातील गूळ-डाळ्यांना, फागाला, स्थानिक जीपचालकाला आणि धडगावच्या खाणावळीला जाईल अशी आखणी करणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य ठरते.

सातपुड्यातील होळ्या एकाच रात्री पेटत नाहीत. गावोगावी त्या पुढेमागे होतात, जेणेकरून एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या खेळाला जाऊ शकतात. ज्यांना काठीची गर्दी नको असेल त्यांनी पौर्णिमेनंतर धडगाव परिसरातील लहान गावांची होळी कधी आहे, हे तेथील बाजारात विचारून आपला बेत ठरवावा. पुढील लेखांकात अशा छोट्या होळ्या आणि अक्राणी तालुक्यातीलच तोरणमाळ यांना जोडणारा तीन दिवसांचा मार्ग, त्याच चार रकान्यांच्या हिशेबासह मांडला जाईल.