अढीतला नातू

मराठी माणूस शत्रूला भीत नाही, फक्त वाऱ्याला भितो. बाळंतिणीच्या कानात वारा शिरू नये म्हणून आजवर जेवढा कापूस कोंबला गेला, तेवढ्यात निम्म्या सदाशिव पेठेच्या गाद्या भरून झाल्या असत्या.

आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती २०१९ सालच्या एप्रिलात. २८ तारखेला शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला. ही वेधशाळा १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आली, म्हणून त्या भागाला अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. सरकारनं शिमल्याचं नाव तेवढं आणलं. हवा तिकडेच राहिली.

घरात मात्र आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, राज्य होतं आणि आक्काच्या पंचांगात बाराही महिने पौष. गच्चीखालची खोली, खिडक्या बंद, पंखा बंद, बाजेखाली शेगडी, शिवाय ओव्याची नि बाळंतशोपांची धुरी. लेकीला पाणी मोजून. का, तर पोट सुटतं! बाळाला झबलं, टोपडं, मोजे, दुपटं आणि वरून शाल. त्या दिवसांत आमच्या घरी दोनच गोष्टी अढीत घातल्या होत्या : हापूस आणि नातू.

पाचव्या दिवशी नातू लालबुंद झाला, अंगाला चटका बसू लागला आणि तो दूध ओढेना. तेव्हा मात्र कुणालाच विनोद सुचला नाही. तसंच रिक्षात घालून बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कोबीची पानं काढावीत तसे एकेक कपडे उतरवले, नीट तपासलं, रक्तही तपासून घेतलं. संसर्ग नव्हता.

"आजी," डॉक्टर आक्काला म्हणाले, "याला ताप आलेला नाही, याला ताप दिलाय!"

मग त्यांनी समजावलं. एवढ्याशा जिवाला धड घाम येत नाही, पांघरूण लाथाडता येत नाही, बाहेरची उष्णता झटकन अंगात शिरते. एक सुती झबलं पुरे. पंखा लावा, झोत अंगावर नको. पाणी बाळाला नव्हे, त्याच्या आईला भरपूर द्या. त्याला सहा महिने आईचं दूध बास. पुन्हा अंग तापलं तर घरी अंदाज करत बसू नका, लगेच आणा. आणि खोली बदला! अहमदाबादेत २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर शारदाबेन रुग्णालयानं बाळंतिणींचा वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावरून खाली आणला, तर उष्म्यानं आजारी पडणारी बाळं कमी झाली.

आमची बाज खालच्या मजल्यावर आली, शेगडी माळ्यावर गेली. आक्का दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी नातू चुटुचुटु दूध पिताना पाहून म्हणाली, "मी तरी वेगळं काय म्हणत होते?"

आमचं भागलं. पण आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींची सूनही तेव्हाच बाळंत झालेली. घर पर्वतीच्या उतारावर, एकच खोली, डोक्यावर पत्रा. खाली न्यायला मुळात मजला असावा लागतो! आक्का स्वतः तिथं गेली. पोराचं टोपडं काढलं, सुनेपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मावशींच्या मुलाला वर चढवून पत्र्याला चुन्याचा हात मारून घेतला. पांढरा पत्रा ऊन परतवतो ना!

पुण्यात कुणी चुना लावला आणि समोरच्याचं भलं झालं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.