तळेगाव चौकातली राजी

पहिली पाळी साडेतीनला सुटते आणि आमची बस तळेगाव चौकात अडकते. चाकण एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुढे आळंदी फाटा, कुरुळी, चिंबळी फाटा, इंद्रायणीचा पूल, मोशी आणि मग स्पाइन रोडने चिंचवडचं शाहूनगर. या रस्त्याला कधी तास लागतो, कधी दोन. त्याच वेळात मी पंधरा वर्षांनी पुन्हा गेम खेळायला लागलो.

डिप्लोमा करताना आकुर्डीतल्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सॅण्ड्स ऑफ टाइम’ खेळायचो. मग नोकरी लागली. आधी व्हीएमसी या धातू कापणाऱ्या मशीनवर सेटर, नंतर प्रोग्रॅमर. फिरत्या पाळ्यांत ते सगळं मागे पडलं. गेल्या वर्षी एका ओळखीच्या मुलाकडून वापरलेला आरओजी अ‍ॅलाय घेतला. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना कंट्रोलर, वजन ६०८ ग्रॅम. डब्याच्या पिशवीत मावेल असा पूर्ण पीसी. मला बसमध्ये एकच गोष्ट हवी होती : उतरायची वेळ आली की बटण दाबावं आणि गेम आहे तिथेच थांबावा, उद्या तिथूनच सुरू व्हावा. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या अशाच हातातल्या पीसीवर, म्हणजे त्याच्या लिनक्सवरच्या स्टीमओएसवर, हे छान जमतं असं वाचलं होतं. डेक भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. म्हणून अ‍ॅलायवर तशीच सोय देणारं बॅझाइट टाकायचं ठरवलं. फेडोरा लिनक्सवर उभी असलेली, कुणालाही फुकट मिळणारी ही प्रणाली.

बुधवारी रात्रीच बसलो, कारण गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. यूएसबी हब लावला, त्यात पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड. आवाज कमी करायचं बटण दाबून धरून मशीन सुरू केलं. पुतण्या शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “काका, पण गेम तर विंडोजचे आहेत. ते यावर चालतील कसे?”

प्रश्न रास्त होता. उत्तर मला माझ्या कामातच सापडलं. आम्ही मास्टरकॅममध्ये जॉबचा टूलपाथ, म्हणजे हत्याराने कुठून कसं कापत जायचं तो मार्ग, काढतो. तो मशीनला जसाच्या तसा कळत नाही. फानुक कंट्रोलरची बोली वेगळी, सिमेन्सची वेगळी. मधे पोस्ट प्रोसेसर असतो, तो एकच टूलपाथ ज्या त्या मशीनच्या बोलीत उतरवून देतो. गेमच्या बाबतीत ते काम प्रोटॉन करतं. त्याच्या पोटात वाइन आहे, १९९३ पासून चालत आलेला प्रकल्प. गेम विंडोजकडे जे जे मागतो, म्हणजे फाइल उघड, आवाज काढ, कंट्रोलर वाच, ते ते वाइन लिनक्सकडून पुरवतं. चित्रांचं काम डीएक्सव्हीके बघतं. विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीत दिलेले हुकूम ते लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत लिहितं. फिलिप रेबोल नावाच्या प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, त्यातून त्याने हे लिहायला घेतलं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने नंतर त्याच्या कामाला पैसे पुरवले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन सगळ्यांना मिळालं. एका माणसाच्या हौसेचा लाभ चाकणच्या बसमध्ये बसून मला मिळतो, याचं मला रोज अप्रूप वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका जुन्या गेममध्ये सुरुवातीच्या व्हिडिओच्या जागी नुसते रंगीत उभे पट्टे आले. लहानपणी दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधी दिसायचे तसे. आवाज नाही, चित्र नाही. पाळीवरून आल्यावर दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी कळलं की व्हिडिओ ज्या पद्धतीने बांधलेला आहे, ती उलगडायला पेटंटच्या अडचणी असतात आणि ती सोय नसली की प्रोटॉन हे पट्टे दाखवतं. जीई-प्रोटॉन ही एका हौशी माणसाने जोपासलेली वेगळी आवृत्ती टाकली. पट्टे गेले, व्हिडिओ दिसला. पुतण्याचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम मात्र चाललाच नाही. फसवणूक पकडणारा त्याचा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यातच बसतो, त्याला लिनक्समध्ये जागा नाही. पोरगा हिरमुसला. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

बॅटरी ४० वॉट-तासांची. फ्रेम सेकंदाला ४० वर बांधल्या, प्रोसेसरची वीज कमी केली. सगळं मिळून १६ वॉटच्या आसपास राहिलं की अडीच तास निघतात. तळेगाव चौकाला तेवढे पुरतात.

आणि मग ‘राजी’. हा गेम पुण्यात घडला आहे, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूच्या हातून. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० मध्ये गेम आला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी. हातात त्रिशूळ, भिंतीवरून धावणं, खांबांवर चढणं. माझ्या आकुर्डीच्या राजपुत्राची बहीणच ती. गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. २०२२ च्या सुधारित आवृत्तीपासून हिंदी संवादही आहेत. पीसीसाठी हा गेम विंडोजवरचाच, लिनक्सची वेगळी आवृत्ती नाही. माझ्याकडे तो प्रोटॉनमधून एकही सेटिंग न बदलता सुरू झाला. पहिल्या दिवशी आळंदी फाटा कधी मागे पडला ते कळलंच नाही.

शेजारच्या सीटवर आमच्या लाइनवरचा ऑपरेटर बसतो, मूळ जालन्याचा. बरेच दिवस नुसता बघायचा. एकदा मी त्याच्या हातात दिलं. त्याने दोन वेळा राजीला दरीत पाडलं, तिसऱ्यांदा पलीकडे नेलं आणि हसून विचारलं, “दादा, हे आपल्या पुण्यात बनवलंय?” हो म्हणालो. मोशी येईपर्यंत त्याने परत दिलं नाही. उतरताना म्हणाला, “आमच्या पोरीचा लॅपटॉप पडून हाये. दुकानदार म्हणतो विंडोज दहा बंद झालं, नवा घ्या.”

विंडोज १० ला मोफत सुरक्षा-सुधारणा देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं, एवढंच खरं. लॅपटॉप बिघडलेला नव्हता. त्यावर लिनक्स टाकून देतो म्हणालो. चार जीबी रॅम आहे म्हणाला. मोठे गेम त्यावर चालणार नाहीत हे मी आधीच सांगून टाकलं. पोरीला अभ्यासाला आणि एखादा हलका गेम खेळायला पुरेल.

गुरुवारी सुट्टी. तो मुलीला घेऊन येणार आहे. लाइट दहाला जाते, म्हणून सकाळी आठलाच या असं सांगितलंय.