कोळशाची साक्ष

उजनीच्या जलाशयाकाठीं राहणाऱ्या आम्हां लोकांना बुडालेल्या वस्तूंविषयीं निराळीच ओढ असते. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि तीरावरचीं शिवारें, विहिरी, देवळें यशवंतसागराखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें. लोक तें पाहावयास जातात. आमच्या घरचीं वडील माणसें मात्र आपली चिंच कोठें होती, तें पाण्याकडे बोट करून सांगतात.

याच जलाशयाचें पाणी सोलापूरजवळच्या औष्णिक वीजकेंद्रास जातें आणि तेथें त्याची गांठ कोळशाशीं पडते. कोळसा तरी काय? तींही बुडालेलीं रानेंच! भारतांतील बहुतेक दगडी कोळसा सुमारें २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीं दलदलींत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा आहे. तो जाळला तर उष्णता किती, एवढेंच कळतें; साक्षीदाराची मात्र राख होते.

१९४६ मध्यें ब्लॉक व पर्सेल यांनीं अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा शोध लाविला. प्रबळ चुंबकापाशीं कांहीं अणुकेंद्रें ठराविक रेडिओलहरींनाच प्रतिसाद देतात, आणि शेजारचे अणू निराळे असले कीं तो प्रतिसाद किंचित् ढळतो. १९५१ मध्यें आर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनीं अल्कोहोलांतील हायड्रोजनाच्या तीन जागा अशाच ओळखून दाखविल्या. धर्मट्टी यांनीं पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ही विद्या रुजविली.

घन कोळशाच्या खुणा एकमेकींत मिसळतात. म्हणून त्याचा चुरा चुंबकक्षेत्राशीं ५४.७ अंशांचा कोन साधून सेकंदास हजारों वेळां फिरवितात. मग वलयांत गुंतलेला कार्बन व साखळींतला कार्बन वेगळे ओळखूं येतात. लिग्नाइटकडून अँथ्रासाइटकडे जावें तसा वलयांचा वाटा वाढतो. जमिनीखालीं किती ताप सोसला, याचा हा जबाब. आणि तो देऊन चुरा जसाच्या तसा परत मिळतो.

आमच्या बुडिताच्या कागदांत जमिनीचें क्षेत्र आहे, झाडांची मोजदाद आहे, मोबदलाही आहे. कोणाच्या शेजारीं कोण राहत होतें, तें मात्र त्यांत नाहीं. अणूची ओळख शेजारावरून पटते, तशी गांवाचीही पटते. नव्या वसाहतींत माणसें तींच आलीं, पण शेजार मोडला. तो जुना शेजार ज्यांना ठाऊक आहे असे वृद्ध आतां थोडेच उरले आहेत. त्यांच्यापाशीं बसून घरामागून घर विचारून घ्यावें आणि लिहून ठेवावें, असें आम्हांस वाटतें.