यंत्राची नाममुद्रा

एकादशीच्या सकाळी तुमच्याही मोबाईलवर विठोबाचं चित्र येत असेल, खाली चार-सहा ओळी आणि शेवटी ‘तुका म्हणे’. हल्ली त्या ओळी जरा थांबून वाचत चला. त्यातल्या काही तुकोबांच्या नसतात, संगणकाने जुळवलेल्या असतात.

चॅटजीपीटी, जेमिनी ही नावं घरातल्या पोरांना ठाऊक आहेत. अशा यंत्राला अफाट मजकूर वाचायला दिलेला असतो. एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधत ते पुढे जातं. अभंग मागितला की अभंगासारखं काहीतरी देतं. ते तुकोबांचं आहे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याला लबाड म्हणणंही बरोबर नाही. लबाडी करायला खरं काय ते आधी माहीत असावं लागतं.

मिसळ पूर्वीही झाली. नामदेवरायांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची पदं शिरली. पण तो निदान भक्त होता, त्याने नाम घेतलं होतं. ज्ञानेश्वरीत सुमारे तीनशे वर्षांत पाठभेद साचले, तेव्हा नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये असं बजावलं. तेव्हा एक पोथी उतरायला महिने लागत. आज बोट टेकवलं की खोटी ओळ शंभर घरी पोहोचते.

आमच्या गोंदियाकडे आषाढी आणि धानाची रोवणी एकाच सुमारास येतात. पाऊस लागला की बांधी सोडून पंढरीला कोण जाणार? कित्येकांची वारी पऱ्हे लावता लावता, तोंडाने अभंग म्हणतच होते. (चिखलात राबून याच हातांच्या रेषा पुसट होतात आणि रेशन दुकानातलं यंत्र अंगठा ओळखत नाही. समोरचा जिवंत माणूस ज्याला ओळखत नाही, त्याच्याकडून संतांची ओळख करून घ्यायची!) इथे अभंग पुस्तकातून कमी आणि ऐकून जास्त शिकला जातो. बाईने बांधीत म्हटलेली ओळ शेजारची उचलते, तिची लेक उचलते. खोटी ओळ एकदा या वाटेने गेली की परत आणता येत नाही. मला भीती वाटते ती याची.

यंत्र फेकून द्या असं मी म्हणत नाही. नजर अधू झालेल्या म्हाताऱ्याला मोबाईल हरिपाठ ऐकवतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण अभंग पारखायला आपली जुनी साधनं पुरतात. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. यंत्र इथे वारंवार घसरतं. मोजणी बरोबर आली तरी तेवढ्यावर थांबू नका. भजनी मंडळात गाथा असतेच. तिच्या अकारादी सूचीत पहिला शब्द शोधा.

आणि पाठवणाऱ्याला विचारा, अभंग कितवा? देहूच्या गाथेत क्रमांक वेगळा, सरकारी गाथेत वेगळा, तेव्हा गाथा कोणती हेही विचारून घ्या.