कवडीच्या बंधाऱ्यावर पेन्सिल

पुण्याच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठा कवडी गावाजवळच्या जुन्या बंधाऱ्यावरून खाली उतरते. सगळ्या शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेली नदी इथे दगडांवर आपटते, पांढऱ्या फेसाचे पुंजके वाहू लागतात आणि खडकांच्या कपारीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकून राहतात. हिवाळ्यात याच पाण्यावर लडाख-तिबेटकडचे चक्रवाक उतरतात. सोबत थापट्या, धोबी, शेकाटे असतात. बंधाऱ्यावर कॅमेरे पुष्कळ दिसतात, वही-पेन्सिल क्वचित.

चित्र काढायला सर्वांत सोयीचा पक्षी वंचक. तो काठावर मान खांद्यात ओढून बसतो तो बसतोच. आधी अंड्यासारखा धडाचा आकार, मग चोचीची तिरकी रेघ, चोचीच्या मुळाशी डोळा. मग छातीवरच्या तपकिरी रेघोट्या. या रेघोट्यांना फार वेळ लागतो, आणि तो लागावाच. मातकट दगडावर हा पक्षी का दिसत नाही, हे त्या एकेक ओढताना कळते. एवढ्यात मासा दिसला की आखडलेली मान एकदम लांबते. एवढी मान होती कुठे, असा प्रश्न पडतो. तो उडाला की पंख पांढरेशुभ्र निघतात आणि कागदावर मातकट वंचक अर्धाच राहतो. पण त्याच्याकडे बघण्यात गेलेला हाच तास खरा लाभाचा. घरातले माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इथे येऊन बसणाऱ्यालाही तो लाभतो. दुःख कुठे जात नाही, पण डोळ्याला आणि हाताला काम मिळते, आणि तेवढा वेळ मन दुसऱ्या एका जिवाच्या हालचालीला बांधलेले असते. चित्र चांगले आले की नाही, याचा त्या दिलाशाशी फारसा संबंध नाही.

धोबी मात्र क्षणभर स्थिर राहत नाही. त्यासाठी एकाच पानावर चार-पाच अर्धवट रेखाटने सुरू ठेवतात. पक्षी त्याच त्या ढबी पुन्हा घेतो, तेव्हा सोडलेली रेघ पुढे नेता येते. शेकाट्याचे लालसर पाय काढताना गुडघा मागे वाकलेला वाटतो. तो गुडघा नसून घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. विणीच्या पिसाऱ्यातल्या चक्रवाक नराच्या गळ्यात बारीक काळी पट्टी असते, मादीला ती नसते. जोडी शेजारी असताना हा फरक पेन्सिलीच्या टोकाला सापडला, तर दिवसभर पुरेल एवढे समाधान मिळते.

पिशव्या आणि फेस चित्रातून गाळता येतात, आणि बहुतेक जण गाळतात. ते गाळू नयेत. शेकाट्या आणि धोबी यांना घाणीतले किडेही चालतात, म्हणून थव्यांवरून नदी निर्मळ ठरत नाही. पाण्यावरून सूर मारणाऱ्या नदी सुरयाला आणि कवड्या खंड्याला मासे लागतात, आणि ते दिसण्याइतके नितळ पाणी लागते. शहराने नदीचे काय केले, हे अशी वही वर्षानुवर्षे राखली तर पानोपानी दिसू लागते. त्यासाठी प्रत्येक रेखाटनाखाली तारीख, वेळ, पाण्याचा रंग आणि फेस किती होता, एवढे लिहिलेले असावे; न दिसलेल्या पक्ष्यांची नावेही.